गुरुजींचा दहावा

मावळात दहाव्याला माणसं सकाळी लवकर जमतात. इंद्रायणीच्या किंवा पवनेच्या घाटावर एकीकडे विधी चालू असतो, दुसरीकडे सतरंज्या अंथरून ध्वनिक्षेपक लावलेला असतो. आधी महाराजांचं प्रवचन, देहाच्या नाशिवंतपणावर. मग श्रद्धांजलीची भाषणं: सरपंच, माजी सभापती, पतसंस्थेचे चेअरमन, शिक्षक संघटनेचे पदाधिकारी. पिंडाला कावळा शिवेपर्यंत वेळ काढायचा असतो आणि वक्त्यांना ते पक्कं ठाऊक असतं. गेलेला माणूस साधा शेतकरी असेल तर भाषणं दोन-तीनांत आटोपतात. निवृत्त प्राथमिक शिक्षक असेल तर मात्र आटोपता आटोपत नाहीत, कारण बोलणाऱ्यांपैकी निम्मे त्यांच्याच हाताखालून गेलेले असतात.

ही भाषणं कान देऊन ऐकावीत. 'गुरुजींनी आम्हाला घडवलं' हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी येतं. त्यापुढे जे तपशील येतात ते असे: गुरुजींचा आवाज, त्यांची सायकल, त्यांची निरगुडीची ओली छडी. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना त्यांनी कुणाला खांद्यावरून पलीकडे नेलं ते. सहल कार्ल्याला गेली तेव्हा एकवीरेच्या पायऱ्यांवर सगळ्यांना मोजून पुन्हा मोजलं ते. पण ज्या कामासाठी सरकार त्यांना पगार देत होतं, म्हणजे अक्षरओळख, जोडाक्षरं, हातच्याची बेरीज, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. काढणार तरी काय? पाटीवरच्या रेघोट्या एका दिवशी अचानक 'कमळ' म्हणून बोलू लागल्या, तो दिवस कुणालाच आठवत नसतो. गुरुजींच्या छडीचा ठसा आठवणीत राहतो आणि त्यांचं खरं काम मात्र आठवणीच्या बाहेर पडलेलं असतं.

इतर कुणाच्या वाट्याला हे सहसा येत नाही. गवंड्याची भिंत दाखवता येते, वैद्याने बरा केलेला रोगी आपल्या दुखण्याची तारीख सांगतो. पहिली-दुसरीच्या शिक्षकाचं यश असं की शिकवलेलं इतकं अंगवळणी पडावं की ते कुणी शिकवलं होतं हेच ध्यानात राहू नये. मग दहाव्याच्या मांडवात ज्यांची आठवण निघते ते नेमके कोण?

प्रश्न जुना आहे आणि आपल्या दर्शनकारांनी तो निराळ्या निमित्ताने हाताळलेला आहे. न्यायशास्त्रात शिरणारा विद्यार्थी अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'पासून सुरुवात करतो. तिथे ज्ञानाचे दोन भाग पाडलेले आहेत, अनुभव आणि स्मृती. स्मृती ही केवळ संस्कारातून उपजते, म्हणून नैयायिक तिला यथार्थ ज्ञानाच्या साधनांच्या रांगेत बसू देत नाहीत. तिच्यातून नवं काही कळत नाही. मात्र इथे एक बारकी फट आहे. संस्कार आणि स्मृती एकच नव्हेत. अनुभव येऊन जातो, संस्कार मागे उरतो. काही निमित्ताने तो जागा झाला तर त्याची स्मृती होते. जागा झाला नाही तरी तो असतोच. म्हणजे आठवत नाही याचा अर्थ उरलेलं नाही, असा होत नाही.

पतंजलीने तर स्मृतीला चित्ताच्या पाच वृत्तींत घातलं, प्रमाण, विपर्यय, विकल्प आणि निद्रा यांच्या पंगतीला, आणि या पाचही वृत्तींचा निरोध म्हणजे योग असं ठरवून टाकलं. या शास्त्राची प्रयोगशाळा लोणावळ्यातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली इथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच साली 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून आसन-प्राणायामाची शास्त्रीय तपासणी सुरू केली. स्वामीजी मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, आणि लोणावळ्याला येण्याआधी अमळनेरला शिक्षणाच्या कामात होते. चिक्की घ्यायला उतरणाऱ्या पर्यटकांना या गावात स्मृतीचाही निरोध करायला शिकवणारी संस्था शंभर वर्षं उभी आहे याची कल्पना नसते. असो. पतंजलीच्या हिशेबात दहाव्याची भाषणं चित्तवृत्तीच ठरतील, आणि कावळा शिवला की त्यांचा निरोध आपोआप होतो.

संस्कार आणि स्मृती यांची फारकत करणारा पुरावा विसाव्या शतकात भलत्याच ठिकाणाहून आला. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर अपस्माराच्या झटक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. झटके कमी झाले, पण नवी आठवण धरून ठेवण्याची शक्ती गेली. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हात उलटा जातो, अवघड काम असतं. तीन दिवसांत त्याचा हात चांगला सुधारला. आणि दर वेळी त्याला वाटत होतं की आपण हे आज पहिल्यांदाच करतोय. शिकलेलं होतं, शिकल्याची आठवण नव्हती, शिकवणाऱ्या बाई तर रोज नव्याने भेटत. पहिलीच्या वर्गापुरते आपण सगळे थोडेफार मोलेसनच असतो. फरक एवढाच की आपल्याला त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही.

बृहदारण्यक उपनिषदात हाच पेच एका भर सभेत निघालेला आहे. जनकाच्या दरबारात जारत्कारव आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो की माणूस मरतो तेव्हा त्याला काय सोडून जात नाही? याज्ञवल्क्य सांगतो, नाम. इथवर ठीक. पण आर्तभाग पुढे विचारतो की वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात गेला, शरीर मातीत गेलं, मग तो माणूस असतो कुठे? यावर याज्ञवल्क्य एरवी कधी करत नाही ते करतो. त्याचा हात धरतो आणि म्हणतो, हे चारचौघांत बोलायचं नाही. दोघे बाजूला जातात. परत आल्यावर उपनिषद एवढंच कळवतं की ते कर्माविषयी बोलले.

सभेत नाम, एकांतात कर्म. दहाव्याच्या मांडवाला याहून नेमकं लागू पडणारं दुसरं काही सापडणं कठीण. ध्वनिक्षेपकावरून नाव घेतलं जातं. कर्म कुठे गेलं ते चारचौघांत सांगता येत नाही, कारण ते ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि बोटांत शिरून बसलेलं असतं. शेजारी लावलेल्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या फ्लेक्सवरचा मजकूर ते सगळे वाचू शकतात, आणि त्यात कुणालाही नवल वाटत नाही.

मावळात शिक्षकाचं नाव दगडात कोरण्याची चाल दोन हजार वर्षांची आहे. कामशेतहून पवन मावळात उतरलं की बेडसे लेणी लागतात. कार्ल्याइतकी गर्दी तिथे नसते. चैत्यगृहाच्या वाटेवर एका छोट्या स्तूपापाशी ब्राह्मी लेख आहे. तो सांगतो की हा गोभूती नावाच्या आदरणीय भिक्षूचा स्तूप. गोभूती अरण्यात राहणारे, भिक्षेवर जगणारे, मारकुड इथे वास्तव्य करणारे. आणि स्तूप करवला तो त्यांच्या अंतेवासीने, म्हणजे शिष्याने, असाळमिताने. लेख तेवढाच. गोभूतींनी काय शिकवलं, कसं शिकवलं, रागवत होते की नाही, यातलं काही नाही. राजाचं नाव नाही, सालही नाही. शिकवणारा कसा जगला आणि शिकणाऱ्याने त्याच्यासाठी काय केलं, एवढ्या दोनच गोष्टी दगडाने राखल्या आहेत.

लोहगड-विसापूरच्या कुशीतल्या भाज्याला तर चौदा स्तूप एकत्र उभे आहेत, पाच कातळाच्या आत आणि नऊ बाहेर. तिथे राहून तिथेच देह ठेवलेल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंचे, हे स्तूप मानले जातात. काहींवर नावं वाचता येतात: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. पावसाळ्यात भाज्याच्या धबधब्याखाली पुण्या-मुंबईची तरुण मंडळी भिजत असतात. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि याच पावसात भिक्षूंनी हिंडू नये म्हणून वर्षावास पाळला जाई. तीन महिने एका जागी बसून पाठांतर आणि शिकवणं. कार्ल्याच्या एका खांबावर सोपाऱ्याच्या सतिमिताचं नाव आहे. तो भाणक होता, धम्माची वचनं तोंडपाठ ठेवून सांगणारा, आणि त्याने दिलेला खांब अस्थींसह असल्याचं लेखात नमूद आहे.

यात एक विसंगती आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरं नव्हे. ज्या संप्रदायाने कायमचा आत्मा मानलाच नाही, माणूस म्हणजे क्षणोक्षणी बदलणाऱ्या घटकांचा प्रवाह असं सांगितलं, त्यानेच आपल्या शिक्षकांची नावं कातळात कोरून ठेवावीत? महापरिनिब्बान सुत्तात याचं उत्तर आहे. कुणाचे स्तूप उभारावेत याची यादी तिथे दिली आहे. तिच्यात तथागतांसोबत त्यांचा श्रावक, म्हणजे शिष्यही येतो. आणि कारण दिलं आहे ते गेलेल्याच्या भल्याचं नाही, पाहणाऱ्याच्या भल्याचं: स्तूप पाहून माणसांचं चित्त प्रसन्न होतं. म्हणजे स्मारक मेलेल्यासाठी नाहीच. त्याच सुत्तात बुद्ध आनंदाला सांगतात की शिकवताना आपण काहीही मुठीत झाकून ठेवलेलं नाही, आणि आपल्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते असतील. माणसाला बाजूला सारून शिकवण पुढे करणारा हा शिक्षक, आणि त्याच्या परंपरेतला असाळमित मात्र छिन्नी-हातोडा घेऊन आपल्या माणसाचं नाव कोरून घेतो. तत्त्वज्ञान आणि माया यांचा असा समझोता मावळच्या बेसॉल्टमध्ये पाहायला मिळतो. असाळमिताच्या बाजूने बोलायचं तर, शिकवण सगळ्यांची असते, शिकवणारा मात्र आपला असतो.

पण गोभूती भिक्षेवर जगणारे होते. पगारी शिक्षकाचं काय?

इथे आपली परंपरा जरा अवघडते. मनुस्मृतीने शिकवणाऱ्यांची उतरंड लावली आहे. उपनयन करून सांगोपांग वेद शिकवतो तो आचार्य. वेदाचा एखादा भाग पोटापाण्यासाठी शिकवतो तो उपाध्याय. दहा उपाध्यायांच्या बरोबरीचा एक आचार्य, असा हिशेबही मांडून ठेवला आहे. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त ज्याचं ज्ञान निव्वळ उपजीविकेसाठी आहे त्याला विद्येचा वाणी ठरवणारं वाक्य एका पात्राच्या तोंडी घातलं. या मापाने जिल्हा परिषदेचे गुरुजी उतरंडीच्या तळाला जातात. जनगणना, मतदारयाद्या, निवडणुकीची ड्युटी, खिचडीचा तांदूळ मोजणं आणि त्याच्या नोंदी ठेवणं, एवढं सांभाळून उरलेल्या वेळात बाराखडी शिकवणारा माणूस मनूच्या कल्पनेत नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगता येईल. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी पंचायत समितीच्या बैठकीला गेले की दुसऱ्या गुरुजींच्या पुढ्यात चार इयत्ता एकाच खोलीत बसतात, हेही.

आचार्य वारला तर शिष्याला तीन रात्रींचं अशौच मनूनेच सांगितलं आहे. आज गुरुजींचं सुतक त्यांच्या घरातले आणि भाऊबंद पाळतात. विद्यार्थी दहाव्याला येतात, तेही रजा टाकून.

मनूचा हिशेब मावळातल्या बहुतेक घरांना लागूही नव्हता, कारण उपनयन ज्यांचं होत असे त्यांच्यापुरताच तो होता. बाकीच्यांची मुलं ज्या शाळांत गेली त्या शाळांबद्दल महात्मा फुल्यांनी जे लिहून ठेवलंय ते दहाव्याच्या मांडवात वाचलं जात नाही, पण गुरुजींची खरी आठवण काढायची तर ते बाजूला ठेवता येत नाही. 1869 साली त्यांनी विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर पवाडा लिहिला. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना हे पंतोजी कसे दूर लोटतात याचा तो पंचनामा होता. आणि 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना ते केवळ तक्रार करून थांबले नाहीत. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवेत, शेतकरी वर्गातून यावेत, गरज पडली तर नांगर किंवा सुताराचं हत्यार हाती धरायला न लाजणारे हवेत, आणि त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, अशा रोकड्या मागण्या त्यांनी केल्या. पगाराची लाज फुल्यांना वाटली नाही. शिक्षकाला नीट पगार नसेल तर गरिबाच्या पोराला शिकवायला नीट माणूस मिळणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. मनूच्या उतरंडीला याहून कडक उत्तर दुसरं नाही.

आज मावळातल्या शाळांत धनगर, ठाकर, कातकरी, मराठा, महार, माळी अशा सगळ्या घरांची पोरं एका सतरंजीवर बसून शिकतात आणि शिकवणारेही त्याच घरांतून आलेले असतात. हे आपोआप झालेलं नाही. म्हणून गुरुजींची आठवण काढताना कुणाला त्या सतरंजीवर उशिरा जागा मिळाली हेही आठवावं लागतं. एखादी म्हातारी दहाव्याला कोपऱ्यात बसलेली असते. तिच्या भावांना गुरुजींनी शिकवलं, तिला धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलं होतं. तिच्याकडे गुरुजींची आठवण आहे ती शाळेच्या खिडकीबाहेरून ऐकलेल्या पाढ्यांची. तिला भाषणाला कुणी उभं करत नाही.

छडीचंही तसंच. भाषणांत छडी फार प्रेमाने येते. मार खाल्ला म्हणून माणूस झालो, असं चेअरमन म्हणतात आणि हशा पिकतो. ज्यांनी छडीला घाबरून शाळा सोडली ते भाषण करत नाहीत. ते मांडवात मागे असतात किंवा आलेलेच नसतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली, आणि तेव्हापासून जुन्या छडीची आठवण उलट अधिकच गोड झालेली दिसते. तैत्तिरीय उपनिषदातला आचार्य याबाबत आपल्या दहाव्याच्या वक्त्यांपेक्षा प्रामाणिक आहे. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला तो सांगतो की आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच उचल, बाकीचं नको. शिक्षकाने स्वतःहून दिलेली ही मोकळीक श्रद्धांजलीत वापरायला हरकत नसावी. गेलेल्या माणसाचं सगळंच चांगलं होतं असं म्हणणं म्हणजे त्याला न ओळखणं, आणि चाळीस वर्षं ज्याने पोरांच्या वह्या तपासल्या त्याच्यावर तरी ही वेळ येऊ नये.

गुरूला विसरण्याबद्दलची सगळ्यात मोकळी कबुली मावळच्याच हद्दीवर दिली गेली आहे. इंदुरी-सुदुंबऱ्याजवळच्या भंडारा डोंगरावर माघ शुद्ध दशमीला मोठी गर्दी लोटते. तुकोबांना गुरूपदेश झाला तो हा दिवस. हा गुरू त्यांना भेटला तो स्वप्नात: बाबाजी चैतन्य. डोक्यावर हात ठेवला, मंत्र दिला, आणि आपल्या परंपरेची नावं सांगितली, राघव चैतन्य, केशव चैतन्य. इथवरची कथा सगळे कीर्तनकार रंगवतात. पण तुकोबांनी स्वतःच सांगितलेला तपशील असा की गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं होतं आणि ते द्यायचं विसरून गेलं. ज्याने मंत्र दिला त्याला साधं तूप द्यायचं राहिलं. आणि हे तुकोबांनी लपवलं नाही, अभंगात घातलं.

तत्त्वचर्चेच्या दृष्टीने हे तूप फार मोलाचं आहे. गुरूचं जे देणं होतं ते चुकलंच, स्वप्न मोडल्यावर ते फेडण्याची सोयही उरली नाही, तरी उपदेश फुकट गेला नाही. दक्षिणेची बाजू कायमची थकीत ठेवून शिष्य पुढे गेला आणि त्याने जे मिळालं होतं ते गावभर वाटलं. त्याचं बोलणं लिहून ठेवणाऱ्यांत संताजी जगनाडे होते, तेली समाजातले. त्यांची समाधी भंडाऱ्याजवळच सुदुंबऱ्याला आहे. संताजी गेले तेव्हा त्यांचा चेहरा मातीने झाकेना, तेव्हा तुकोबा येऊन मूठमाती देऊन गेले, अशी कथा मावळात सांगतात. शिष्याला मूठमाती द्यायला गुरू येतो. हिशेब पुन्हा उलटा.

ऋण फेडण्याची रीत काय, हे तैत्तिरीय संहितेने तीन शब्दांत वाटून दिलं आहे. ब्राह्मण जन्मतः तीन ऋणं घेऊन येतो. देवांचं यज्ञाने फिटतं, पितरांचं संततीने, आणि ऋषींचं ब्रह्मचर्याने, म्हणजे विद्यार्थी होऊन शिकण्याने. पहिल्या दोहोंत काही ना काही वर पोचवायचं असतं. तिसऱ्यात तसं नाही. ऋषींना काही पाठवायचं नाही, स्वतः शिकायचं. आश्वलायन गृह्यसूत्रातल्या तर्पणाच्या यादीत सुमंतु, जैमिनी, वैशंपायन, पैल या आचार्यांबरोबर गार्गी वाचक्नवी, वडवा प्रातिथेयी आणि सुलभा मैत्रेयी या तीन स्त्रियांची नावं येतात, हेही इथे नोंदवायला हवं. पाणी त्यांनाही सोडलं जाई. भाद्रपदातल्या महालयातही वडील, आजोबा, आई, सासरे यांच्यानंतर गुरू आणि आप्त यांच्यासाठी पिंड आहे. म्हणजे गुरुजींसाठी शास्त्रात जागा आहे. पितृपक्षात ती जागा भरणारा विद्यार्थी मात्र क्वचितच दिसतो. आणि गंमत म्हणजे महालयाच्या त्या यादीत शिष्यही आहे. गुरुजींनीच आपल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी पिंड ठेवावा अशीही सोय तिथे करून ठेवली आहे. निवृत्त शिक्षकांना ही सोय नको तितकी लागू पडते. द्रुतगती मार्गावरच्या आणि जुन्या महामार्गावरच्या अपघातांत गेलेली, दारूने गेलेली, कर्जाने गेलेली पोरं त्यांनी हजेरीपटावरून एकेकाळी रोज हाक मारून तपासलेली असतात.

दहावा झाल्यावर आजकाल मावळातली काही घरं रक्षा नदीत न सोडता खड्ड्यात घालून त्यावर आंब्याचं रोप लावतात. इंद्रायणीचं पाणी पाहता हे शहाणपणाचंच. रोपाऐवजी संस्था मागे ठेवावी म्हटलं तर तिचीही शाश्वती नसते. तळेगावात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचं राष्ट्रीय शिक्षणाचं समर्थ विद्यालय होतं. 1910 साली सरकारने ते बंद पाडलं. ज्या शिक्षकांना रोपही मिळालं नाही, संस्थाही उरली नाही, असे पुष्कळ आहेत.

उरतं ते रजिस्टर. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं, आणि शाळेतल्या इतर कागदांवर वाळवीचा किंवा पावसाचा हक्क चालला तरी त्याला हात लागू द्यायचा नाही असा दंडक असतो. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, सोडून गेल्याची तारीख. शिकवणाऱ्याचं नाव त्यात नसतं. पण अक्षर त्याचंच असतं, जुन्या पानांवर कुठे कुठे मोडीतलं. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभर ही जुनी रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. साठ-सत्तर-शंभर वर्षांपूर्वी कुण्या पंतोजीने बोरूने ओढलेल्या एका शब्दावर पणतवंडांचे दाखले ठरू लागले. तो शब्द लिहिताना त्या पंतोजीच्या मनात काय होतं, त्याने पोराच्या बापाला विचारलं की स्वतःच ठरवलं, हे सांगायला कुणी शिल्लक नाही. मोडी वाचणाऱ्यांना मात्र त्या काळात फार मागणी आली.

आणि जन्मतारीख. महाराष्ट्रातल्या खेड्यांत एका पिढीच्या पुष्कळ लोकांचा वाढदिवस 1 जूनला येतो. पोर शाळेत आणलं की आईबापाला तारीख ठाऊक नसे. फार तर 'पानशेतचं धरण फुटलं त्याच्या आदल्या साली' एवढं कळे. शाळा जूनमध्ये उघडायची, सहा वर्षं पुरी दिसायला हवीत, म्हणून गुरुजी 1 जून लिहून मोकळे होत. मनूने आचार्याला दुसरा जन्म देणारा म्हटलं ते गायत्रीच्या संदर्भात. मावळातल्या गुरुजींनी सरकारी जन्म अक्षरशः स्वतःच्या हाताने दिला, जातपात न पाहता, आणि पुढे आधार कार्डापासून पेन्शनच्या कागदापर्यंत तोच खरा धरला गेला.

त्या पोरांपैकी काही पुढे स्वतः शिक्षक झाली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम आहे, त्यामुळे दर वर्षी 31 मे रोजी जिल्हा परिषदेच्या शाळांतून गुरुजींचे जथेच्या जथे एकाच दिवशी घरी जातात. पंचायत समितीत एकत्र निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळाची ऑर्डर घाऊक दिली जाते. खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या त्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसांना ही तारीख कुणी दिली होती, हे विचारलं तर बहुतेकांना पहिलीच्या गुरुजींचं आडनाव आठवतं, काहींना तेवढंही नाही. 'ते उंच होते,' एवढं सांगतात, आणि मग त्यांना आपण तेव्हा सहा वर्षांचे होतो हे ध्यानात येतं.